बावीस ओळी आणि चार बोटं

४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार घालायला सध्या जमीन रिकामी नाही. अंगणभर उतरवलेली जुनी कौलं रचून ठेवली आहेत. तेव्हा उभ्याउभ्याच घालतो, चालवून घे. फोन करणार होतो, पण फोनवर तुझे दोन्ही कान संपावर जातात आणि मग मी ओरडतो ते शाळेपर्यंत ऐकू जातं. पत्रच बरं.

घराचं डोकं गेल्या आठवड्यात उघडं पडलं. मी दिवाणखान्यात वह्या तपासत बसलो होतो, वर बघितलं तर आभाळ. संस्कृतच्या मास्तराला याहून निराळं छत शोभत नाही, असं क्षणभर वाटून गेलं. मग एक कावळा येऊन वाशावर बसला आणि विचार बदलला.

मिस्त्री मिळालेत ते चांगले आहेत असं सगळे म्हणतात. बोलतात कमी. वय माझ्याएवढं, पण शिडी अशी चढतात की मला माझ्या गुडघ्यांची लाज वाटते. पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, "चांगलं छप्पर म्हणजे काय, मिस्त्री?" तर म्हणाले, "जे गळत नाही ते." मी मनात लगेच सूत्र बांधलं: यन्न गलति तच्छदिः. पुढे ते म्हणाले, "आणि खटकत नाही ते." त्याचं सूत्र अजून जमलेलं नाही.

पुढचा उतार आधी करतील, मग मागचा. मागच्या उताराखालची खोली तुझी. तिथली गळती तुला आठवत असेल. आई गेल्यापासून तो भाग मी कुलूप लावूनच ठेवला होता. आता वासे बदलले, त्यांवर कौलांसाठी आडव्या लाकडी रिपा नव्या ठोकताहेत, कौलं भट्टीतून कालच आली. बाबा असते तर टेप घेऊन शिडीवर उभे राहिले असते. साऱ्या गावाच्या जमिनी मोजणारा माणूस! "या घराचा एक कोपरा काटकोनाला चुकलेला दाखवा," असं पाहुण्यांना किती वेळा म्हणायचे ते!

मुद्द्याचं असं, की तुझ्या घरमालकिणीला १५ मार्चला उत्तर द्यायचं आहे. तीन वर्षांचा नवा करार, नाहीतर खोली रिकामी. "छप्पर बघून ठरवीन," असं तू म्हणालीस. तू निवृत्त झालीस, तिथं तुझं आता खिडकीतल्या कुंडीखेरीज कोणी नाही, इथं मी आहे आणि पुस्तकं आहेत. हा युक्तिवाद नाही, ही नुसती यादी. तुला कसं छप्पर हवं ते सविस्तर कळव. म्हणजे तुझ्याकडे सबब उरणार नाही.

तुझा,
पंडित (हे नाव तूच ठेवलंस, आता भोग)


९ फेब्रुवारी

प्रिय पंडिता,

तुझ्या पत्रातलं निम्मं मला समजलं, बाकीचं सोडून दिलं. आता माझं ऐक.

एकतीस वर्षं मी कपड्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर उभी होते. माझ्या हातून सुटलं की माल बाहेर. तिथं पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली: शर्ट आधी उलटा करायचा. पुढून सगळेच छान शिवतात. छपराचंही तेच. आधी माळ्यावर चढून आतून बघ. दिवसा दिवा बंद करून उभा राहा. कुठे उजेडाची टाचणी दिसली तर तिथून पाणी येणार.

मग खाली उतर आणि फाटकात उभा राहा. ओळी सरळ दिसायला हव्यात. माथ्यावरच्या कौलांखाली सिमेंट असतं, ते नीट कापलेलं हवं, थापलेलं नको. न्हाणीघराचा पाइप छपरातून बाहेर निघतो, त्याच्याभोवती कौल दाताने कुरतडल्यासारखं तोडलेलं चालणार नाही. पन्हळीत बादलीभर पाणी ओतून बघ, मध्ये कुठे साचलं तर उतार चुकलाय. भिंतींवर सिमेंटचे ओघळ नकोत. अंगणात चुंबक फिरवून खिळे वेचायला सांग, मी घरात अनवाणी चालते.

रंगात थोडा फरक असणारच. भाजलेली माती आहे, कापड नव्हे. पण एका गठ्ठ्यातली कौलं एकीकडे आणि दुसऱ्यातली दुसरीकडे लावली तर ठिगळ दिसतं. सगळे गठ्ठे मिसळून लावायला सांग. एखाद्या कौलाचा टवका उडालेला असेल तर बोंब मारू नकोस. शंभर शर्टांत एक बटण सैल निघतंच, ते बदलायचं, शर्ट जाळायचा नसतो.

आणि नुसतं बघ. हात लावू नकोस. तू लहानपणी माझी सायकल "दुरुस्त" केली होतीस.

काम नीट नसेल तर मी इथं सही करून मोकळी होईन, हे पक्कं. उगाच भावाचं मन राखायला गळक्या घरात येणारी मी नव्हे.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी मिस्त्रींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाईंना कळतं." मला कधी असं म्हणाले नाहीत.

पुढचा उतार झाला. बावीस ओळी, अगदी वहीच्या रेघांसारख्या. माळ्यावर अंधारात उभा राहिलो, टाचणीएवढाही उजेड नाही. पाइपाभोवती पत्र्याची पट्टी अशी वाकवलीय की मला ती कोणीतरी ल्यालेल्या बांगडीसारखी वाटली. गठ्ठे मिसळले. मी स्वतः उभा होतो.

पण मागच्या उतारावर मला एक गोष्ट सापडली आणि मी धन्य झालो. नुसतं बघायचं म्हणालीस, मी बघितलंच. फक्त पट्टी घेऊन. शिडी दोन्ही टोकांना लावून ओळींमधलं अंतर मोजलं. डाव्या टोकाला प्रत्येक ओळ उजव्या टोकापेक्षा एक सूत कमी! सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, हे तुला सांगायला नको. एका ओळीत नाही, दोन ओळींत नाही, लागलेल्या सगळ्याच नऊ ओळींत.

"मिस्त्री, हे काय?"

"काय?"

"या टोकाला एक सूत कमी आहे."

"हो."

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे मीच केलंय."

"का म्हणून?"

"सर, खाली जा. मागच्या फाटकात उभे राहा. डोळ्यांना दिसलं तर बोला."

"दिसत नाही हे उत्तर झालं का? मी मोजलंय!"

"मग मोजू नका."

आता सांग, याला काय म्हणावं? खोदून खोदून विचारलं तेव्हा पूर्वपक्ष असा मांडला की घरच तिरकं आहे. मागची भिंत एका टोकाला आत गेलीय, म्हणून ते एकेक सूत वाटून टाकताहेत. ताई, मोजणीदाराचं घर तिरकं! मी हसलो. मग मला राग आला. मग मी शाळेत गेलो, तिथं भाषांतराला जरा जास्तच मोठा उतारा घातला मुलांना.

संध्याकाळी लेखी आदेश दिला: "सर्व ओळी उभय टोकांस समान अंतरावर असाव्यात, अन्यथा काम स्वीकारले जाणार नाही." मिस्त्रींनी दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरं. सारखं करतो. कागद जपून ठेवतो."

यात काहीतरी अशुभ होतं, पण मी दुर्लक्ष केलं. तुझं मत कळव.

पंडित


२१ फेब्रुवारी

पंडिता,

बरोबर केलंस. अंतर सारखंच हवं. दोन्ही बाह्या एकाच लांबीच्या नसतील तर तो शर्ट माझ्या टेबलावरून पुढे गेला नसता. नऊच्या नऊ ओळी उसवायला लाव.

घर तिरकं वगैरे काही नाही. बाबांनी मोजलेलं आहे, ते तिरकं असूच शकत नाही. हा विषय मिस्त्रींशी परत काढू नकोस, माझ्याशीही नको.

झालं की मागच्या बाजूचा फोटो पाठव. पूर्ण फोटो, वरपासून खालपर्यंत.

घरमालकीण रोज विचारते. मी अजून काही बोलले नाही.

ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

घाईत आहे. परीक्षा जवळ आल्यात.

काम उत्तम चाललंय. ओळी आता इतक्या समान आहेत की समानतेवर निबंध लिहावा. फोटो सोबत आहे. माथ्याकडचा भाग थोडा आला नाही, कारण फोटो काढताना शिडी हलली. तसाही माथा म्हणजे छपराचा उपसंहार. तो वाचला नाही तरी ग्रंथ समजतो.

वातावरण निर्मळ आहे. प्रकृती ठीक आहे. मिस्त्रीही ठीक आहेत.

पंडित


२८ फेब्रुवारी

मिस्त्री यांस,

मी मास्तरांची थोरली बहीण. तुम्ही मला ओळखत नाही, पण माझ्याच खोलीवर कौलं लावताय.

भावाचं पत्र आलं. त्यात "वातावरण निर्मळ आहे" असं लिहिलंय. चाळीस वर्षांत त्याने असं वाक्य दोनदाच लिहिलं: एकदा आईची आवडती फुलदाणी फोडली तेव्हा, आणि एकदा नापास झाला तेव्हा. सोबतच्या फोटोचा वरचा भाग कात्रीने कापलेला आहे. शिडी हलली तर फोटो हलतो, कापला जात नाही. मी आयुष्यभर कापलेल्या कडाच बघितल्यात.

खरं काय ते मला तुम्ही कळवा. मी तुमच्या बाजूने किंवा त्याच्या बाजूने नाही. मला १५ तारखेच्या आत ठरवायचंय, तिथं यायचं की नाही.

ताई


३ मार्च

ताई यांना नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. चूक झाली तर समजून घ्या.

सरांनी सांगितलं तसं सगळ्या ओळी सारख्या केल्या. बावीस. एकही सूत इकडचं तिकडे नाही. त्यामुळे झालं असं की खाली जो तिरकेपणा होता तो सगळा वर जाऊन साठला. माथ्याशी उजव्या टोकाला चार बोटं उघडी राहिली, डाव्या टोकाला काही नाही. मला ती सिमेंटने भरावी लागली. खालून बघितलं तर माथ्याखाली सिमेंटची पाचर दिसते. गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस मान वाकडी करून बघतो. गळणार नाही, मी पट्टी आतून घातली आहे. पण खटकतं. आणि ते माझं काम म्हणून लोक बोट दाखवतात, सरांचं म्हणून नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

सरांनी मग स्वतः वर चढून त्या सिमेंटला लाल रंग लावला, कौलांसारखा दिसावा म्हणून. आता ते आणखी लांबून दिसतं. रंग भिंतीवर ओघळला तो निराळा.

घर तिरकं आहे ते खरं. पण ताई, ते चुकून तिरकं नाही. पन्हळीचं पाणी काढायला मागं खणलं तेव्हा भिंतीच्या बाहेर भरलेला पाया लागला. सरळ, पक्का, चुन्यात बांधलेला. एका टोकाला भिंत त्या पायावर आहे, दुसऱ्या टोकाला चार बोटं आत आहे. म्हणजे पाया भरून झाल्यावर कोणीतरी भिंत आत घेतली. एवढा खर्च केलेला पाया सोडून असं उगाच कोणी करत नाही. मी सरांना हे सांगितलं नाही. ज्यांनी केलं त्यांचं काहीतरी कारण असेल. घरातली गोष्ट घरातल्यांनी सांगायची असते.

परत वाटून लावायचं तर सहा दिवस लागतील. कौलं तीच वापरता येतील. सरांनी सांगितलं पाहिजे.

एक सांगू का. सर वाईट नाहीत. रोज दुपारी चहा घेऊन येतात आणि माझ्याबरोबर पायरीवर बसून पितात. त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलंय की ताई येणार. दूधवाल्याला दूध वाढवायला पण सांगितलं. अजून तुम्ही हो म्हणाल्या नाही हे मला तुमच्या पत्रावरून कळलं.

मिस्त्री


६ मार्च

पंडिता,

लाल रंग?

असो. तू फजीत झालास ते झालास, पण त्यातला अर्धा वाटा माझा आहे. तो आज देऊन टाकते.

घर तिरकं आहे. मला ते नऊ वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

बाबांनी प्लॉट स्वतः आखला तेव्हा तू आईच्या पोटात होतास. मदतीला मी होते. मोजणीच्या साखळीचं एक टोक बाबांच्या हातात, दुसरं माझ्या. मागच्या कोपऱ्यात दोन खुंट्या होत्या, एक हद्दीची आणि एक तिच्या लगत पलीकडे, कोणीतरी बकरी बांधायला ठोकलेली. मी साखळी बकरीच्या खुंटीला धरली. मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं. मी त्या बकरीकडे बघत होते.

पाया भरून झाला. चुना सुकला. मग एक दिवस बाबा कागद घेऊन मागे गेले आणि पुन्हा मोजलं. आपला पाया चार बोटं शेजारणीच्या जमिनीत गेला होता. ती एकटी बाई, तिला मोजता येत नव्हतं, तिला आयुष्यभर कळलं नसतं. गवंडी म्हणाला, "साहेब, चार बोटांचं काय एवढं!" बाबा म्हणाले, "मी लोकांच्या चार बोटांची भांडणं सोडवतो." आणि भिंत आत घेतली.

मी रडायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी बकरी सांगितली. ते म्हणाले, "मोजणी माझी. साखळी कोणीही धरो, आकडा मोजणारा लिहितो." मग म्हणाले, "हे आपण कोणाला सांगायचं नाही." आणि त्या दिवसापासून पाहुण्यांना ते काटकोनाचं सांगत सुटले. तुला ती बढाई वाटायची. मला माहीत होतं ते कोणासाठी बोलतात. कोणी विचारू नये, कोणी माझं नाव काढू नये, म्हणून.

मिस्त्रींनी तुला घर तिरकं आहे म्हटलं आणि तू मला लिहिलंस, तेव्हा मी खोटं लिहिलं. हात आपोआप चालला. पन्नास वर्षांची सवय. तुझ्या लाल पाचरीखाली माझी सही आहे, समज.

आणखी एक. छप्पर बिघडावं असं मला थोडं वाटत होतं. म्हणजे सही करून मोकळी झाले असते, आणि दोष छपराचा. मागच्या खोलीत झोपायचं म्हणजे रोज सकाळी ती भिंत समोर. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या शिलाया उसवल्या, ही एक राहिली होती.

मिस्त्रींना त्यांच्या पद्धतीने करू दे. मी यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. तुझं दूध मात्र कमी कर.

ताई


९ मार्च

ताई,

पत्र शाळेत उघडलं. पुढचा तास मी वर्गाला स्वाध्याय दिला आणि खिडकीबाहेर बघत बसलो. मुलांना वाटलं, सरांची तब्येत बरी नाही.

घरी येऊन मागे गेलो. मिस्त्रींनी खणलेला चर अजून उघडाच आहे. गुडघ्यावर बसून हात घातला. पाया आहे तिथंच, सरळ, आणि भिंत त्याला सोडून आत. बोटं लावून बघितली. माझी चार भरली. बाबांची जाड होती, त्यांची साडेतीनच असतील. म्हणजे मुळात चूकही तुला वाटते तेवढी मोठी नाही.

मला एवढंच आठवतं की मी कितीही हट्ट केला तरी बाबांनी मला कधी साखळी धरू दिली नाही. मला वाटायचं, ताईवर विश्वास आहे आणि माझ्यावर नाही. आता कळतं, त्यांनी दुसऱ्या बकरीचा धोका पत्करायचा नाही असं ठरवलं होतं.

मिस्त्रींकडे गेलो. भाषण तयार केलं होतं. त्यात "क्षमा" हा शब्द तीन ठिकाणी होता आणि एका ठिकाणी समासात. त्यांनी पहिल्या वाक्यालाच थांबवलं.

"सर, करायचं का परत?"

"करायचं. तुमच्या पद्धतीनं. मी लेखी देतो."

"लेखी नको." त्यांनी खिशातून माझा जुना आदेश काढला, माझ्या हातात दिला. "हा पण ठेवा. मला खिशात टोचतो."

मग म्हणाले, "बाईंनी सांगितलं का तुम्हाला, भिंतीचं?"

"सांगितलं."

"बरं झालं. मला वाटलंच होतं, कोणीतरी प्रामाणिक माणूस असणार. लबाड माणूस पाया सोडत नाही."

त्यांना बाबांबद्दल एवढंच माहीत आहे, चर खणताना दिसलं तेवढं. मला वाटतं, पुरेसं आहे.

कालपासून काम सुरू केलंय. एकेक सूत, बावीस ओळींत. मी शिडीकडे फिरकत नाही. पट्टी मुख्याध्यापकांना देऊन टाकली. आज मागच्या फाटकात उभा राहून तासभर बघितलं. ओळी सरळ दिसतात. सरळ नाहीत हे माहीत असूनही सरळच दिसतात. शाळेत एवढी वर्षं शिकवतोय, पण हे मला कोणत्या शास्त्रात घालावं ते समजत नाही.

ये, असं मी लिहिणार नाही. ती भिंत तुझी आहे, तूच ठरव. गल्लीत मी जे सांगत सुटलोय ते मीच निस्तरीन. हवं तर सांगेन, ताईंची गाडी चुकली. तीन वर्षांसाठी.

दूध कमी केलेलं नाही. पिऊन टाकतो.

पंडित


१४ मार्च, दुपार
आपलं घर, मागची खोली

पंडिता,

तपासायला येणारा माणूस सांगून येत नसतो. सकाळी आले तेव्हा तू शाळेत गेला होतास. मिस्त्री माथ्यावर बसून शेवटचं कौल बसवत होते. मला बघून म्हणाले, "बाई, एक मिनिट," आणि ते कौल बसवूनच खाली उतरले. त्यामुळे माझं त्यांच्याबद्दलचं मत आणखी चांगलं झालं.

आधी माळ्यावर गेले. हो, चढले, गुडघे तुझे वाईट आहेत, माझे नाहीत. दिवा बंद केला. काळोख. मग मागच्या फाटकात उभी राहिले, मग गल्लीच्या टोकाला जाऊन तिथून बघितलं, मग परत येऊन एक डोळा मिटून बघितलं. बावीस ओळी. मला माहीत होतं कुठे बघायचं, तरी सापडलं नाही. मिस्त्रींना म्हटलं, "कुठे लपवलीत चार बोटं?" ते म्हणाले, "लपवली नाहीत. सगळ्यांना थोडी थोडी दिली."

मग त्यांना वरून पाणी ओतायला लावलं. अकरा बादल्या. मी खोलीत बसून वर बघत होते. आतल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत हात फिरवला. कोरडी. या भिंतीला मी पन्नास वर्षांत हात लावला नव्हता. साधी भिंत आहे. जरा खडबडीत.

आता दोष. एकूण सात निघाले. पन्हळीच्या मधल्या जोडाशी पाणी पेलाभर साचतं. तो जोड मिस्त्री आज वर उचलून घेणार आहेत. पाइपाच्या पट्टीला एक खिळा कमी. तिसऱ्या ओळीत एका कौलाचा टवका उडालाय, तो मी बदलू दिला नाही. उन्हात ते कौल चांगलं दिसतं. बाकीचे चारही दोष भिंतीवरचे लाल ओघळ आहेत. ते तुझे. मिस्त्री पुसतो म्हणाले, मी नको म्हटलं, ते तूच घासशील.

त्यानंतर घरमालकिणीला कळवायचं होतं. मला फोनवर ऐकू येत नाही म्हणून मिस्त्रींना बोलायला लावलं. त्यांना छपरावरून खाली बोलायची सवय, ते एवढ्या मोठ्याने म्हणाले, "बाई इथंच राहणार! खोली दुसऱ्या कोणाला द्या!" की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. दूधवाला सायकल थांबवून उभा राहिला. तेव्हा आता बदलायची सोय उरलेली नाही.

हे पत्र मिस्त्री जाता जाता शाळेत देतील. उत्तर लिहायला बसू नकोस. तास संपला की चालत ये. दार उघडं आहे.

ताई